खोल चाकोरी

लारामीचा किल्ला मागे पडून तीन दिवस झाले आणि डोंगरांची पहिली रांग समोर आली, तेव्हा पश्चिमेकडे नवी जमीन धरायला निघालेला आमचा तांडा नायकाने थांबवला आणि गाड्या हलक्या करायच्या म्हणून सांगितलं. अकरा गाड्या होत्या. प्रत्येक गाडीत शिरून बघायचं कुणी, यावर बरीच कुजबुज झाली. आपली वस्तू कुणालाच जड वाटत नाही, दुसऱ्याची मात्र सगळ्यांना वाटते. शेवटी सगळ्यांच्या तोंडी माझ्या नवऱ्याचं नाव आलं. मिसूरीत आमच्या गावी कुंपणावरून दोघांचं भांडण झालं, तरी दोरी धरायला लोक ओबेदलाच बोलवत. ओबेद स्टॅलर्ड खोटं मोजत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मला त्या दिवशी त्याचा अभिमान वाटला. हे आधी सांगून ठेवते.

त्याने सुरुवात आमच्याच गाडीपासून केली. बिडाची चूल खाली उतरवायला तीन माणसं लागली. गवतात ती आपल्या चार पायांवर उभी राहिली, तेव्हा एखादं काळं जनावर चरायला सोडावं तशी दिसत होती. लग्नानंतर चार वर्षांनी ती आमच्या घरात आली होती. माझी आई आयुष्यभर भिंतीतल्या आगटीपुढे वाकून रांधत राहिली. चाळिशीतच तिची पाठ अशी वाकली, की शेवटी शवपेटीत तिला सरळ निजवताना बायकांना जड गेलं. मी उभ्याने स्वयंपाक करीन, एवढं मी तेव्हाच मनाशी धरलं होतं. दुसरं काही संसारात मागितलं नव्हतं.

ओबेदने माझ्याकडे पाहिलं. लोक बघत होते. मी मान हलवली.

ज्याने स्वतःची चूल काढली त्याला आता अडवणार कोण, असं नायक म्हणाला आणि खरंच कुणी अडवलं नाही. पेटारे निघाले, एक ऐरण निघाली, एका नव्या नवरीचं आरशाचं कपाट निघालं. मग ओबेद कझाया मावशींच्या गाडीपाशी गेला.

मावशी आमच्याच गावच्या. प्लॅट नदीच्या काठी त्यांचा नवरा एका दुपारात पटकीने गेला. लांडग्यांनी उकरू नये म्हणून त्याला आम्ही वाटेच्या मधोमध पुरलं आणि अकराच्या अकरा गाड्या त्या मातीवरून नेल्या. शेवटची गाडी मावशींचीच होती. त्या बैलांच्या पुढे चालत त्या मातीवरून गेल्या, मागे वळून पाहिलं नाही. आता त्यांच्याजवळ गाडी हाकायला ठेवलेला एक पोरगा, क्लोव्हर नावाची तांबडी गाय आणि नवऱ्याने स्वतःच्या हाताने केलेली एक झुलती खुर्ची एवढंच राहिलं होतं.

खुर्ची खाली घेताना ओबेद जमिनीकडे बघत होता.

"काढतोस ते बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "पण वर बघून काढ. चोरून नेल्यासारखी नेऊ नकोस."

त्याने वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. खुर्ची त्याने माझ्या चुलीशेजारी नेऊन ठेवली. कुणीतरी फळकुटावर कोळशाने लिहून ठेवलं, की ज्याला लागेल त्याने घेऊन जावं.

दुपारी पुरुष जनावरं घेऊन पाण्यावर गेले, बायका धुणी घेऊन ओढ्याकडे. बाळाचं अंग कोमट लागतंय असं सांगून मी मागे राहिले. बाळाला काही झालं नव्हतं. ते गाडीत पिठाच्या पोत्यांमध्ये झोपलं होतं.

चुलीचे वरचे भाग नुसते बसवलेले असतात, हे मला आठवड्याला पुसून पुसून पाठ होतं. चार गोल झाकणं उचलली. भट्टीचं दार बिजागरीतून वर ओढलं. वरचा बिडाचा पाट सगळ्यात जड. तो मी छातीशी धरून, पोटाच्या आधाराने, पाय फाकवत नेला. आमच्या गाडीला दुहेरी तळ होता. वरच्या फळ्या उचलल्या की खाली हातभर कप्पा, त्यात बियाणं आणि हिवाळ्याचे जोडे. सगळं त्यात रचलं, वर जुनी गोधडी, त्यावर फळ्या, त्यावर पोती. सव्वा मण तरी भरलं असेल. पुढेमागे नवीन सांगाडा घडवून घेता येईल, हे वरचे भाग असले की झालं, असा माझा हिशेब होता. मागे उरलेल्या सांगाड्यावर मी एक फाटकं पोतं टाकलं.

फळी बसवून वळले, तर मागच्या चाकाशी डेलिया उभी. पाच वर्षांची माझी लेक.

"ते बाबांनी टाकलंय ना?"

"हे आपल्या दोघींचं गुपित," मी म्हणाले. "तिकडे घर झालं की बाबांना गंमत दाखवायची."

तिला ते फार आवडलं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि हसली.

त्यानंतर रोजचं चालणं सुरू झालं. आज पुढे असलेली गाडी उद्या सगळ्यात मागे, असा नेम होता. ज्याची पाळी शेवटची, तो दिवसभर दहा गाड्यांची धूळ खायचा. बाळाला शालीत छातीशी बांधून मी गाडीच्या बाजूने चालायची. ते चालता चालताच प्यायचं, आणि त्याच्या ओठांवर माझ्या दुधाबरोबर धुळीचा चिखल व्हायचा. ओच्यात रानरेड्यांच्या वाळलेल्या गवऱ्या गोळा करत जायचं. पहिल्यांदा आम्ही सगळ्या बायका दोन बोटांनी उचलत होतो. महिन्याभरात त्याच हातांनी पीठ मळायला लागलो आणि कुणाला काही वाटेनासं झालं. संध्याकाळी त्या गवऱ्यांच्या आगीपुढे मी उकिडवी बसायची, आणि तळाखालचं लोखंड मला पाठीमागून बघतंय असं वाटायचं.

सकाळी मावशी क्लोव्हरचं धारोष्ण दूध एक पेला भरून डेलियाला देत. उरलेलं डब्यात घालून डबा गाडीखाली टांगून ठेवत. दिवसभर गाडी हिसके खायची आणि संध्याकाळपर्यंत आपोआप लोण्याचा गोळा निघायचा. त्यातलाही बोटभर आमच्या भाकरीवर यायचा. मी नको म्हटलं तर म्हणायच्या, "तुझ्यासाठी नाही देत. तुझ्या अंगावर पिणाऱ्यासाठी देते."

स्वीटवॉटर नदी सोडण्याच्या सुमाराला टर्क मागे पडायला लागला. आमच्या दोन जोड्यांपैकी गाडीलगतच्या जोडीतला तो डावा बैल, टायलरचा जोडीदार. जुवाखाली त्याची मान सोलवटून निघाली होती. ओबेद रोज संध्याकाळी तिथे चरबी चोळायचा, त्याच्या खुरांत बोट घालून बघायचा, पोटाला कान लावायचा. काही सापडायचं नाही.

"गाडी जड जातेय," तो म्हणाला. "काय राहिलंय अजून?"

मी म्हणाले, पीठ आहे.

त्याने आपल्या वडिलांचा नांगराचा फाळ काढून वाटेच्या कडेला ठेवला. दोन दिवसांनी त्याची हत्यारं गेली. मोठी करवत, दोन रंधे, पटाश्यांची गुंडाळी, तासणी. त्याच हत्यारांनी तो तिकडे घर बांधणार होता. प्रत्येक वस्तू ठेवण्याआधी तो तिच्यावरून अंगठा फिरवत होता. मी जवळ उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. चूल टाकली त्या संध्याकाळी सांगितलं असतं तर नुसती बोलणी बसली असती. फाळ जाताना सांगितलं असतं तर फाळ वाचला असता. आता सांगायचं म्हणजे फाळाबद्दलही सांगायचं. रोज एक वस्तू कमी होत होती आणि माझं सांगणं तेवढंच जड होत होतं.

मग एका सकाळी त्याने डेलियाच्या बाहुलीचा पाळणा उचलला. तो त्यानेच केला होता, वीतभर लांबीचा. त्याचं वजन ते काय असणार. पण टर्कला उठवायला त्या दिवशी शेपूट पिरगळावी लागली होती, आणि ओबेदच्या डोळ्यांत वेड्यासारखं काहीतरी होतं.

"बेटा, हा इथे ठेवूया," तो म्हणाला. "बैल दमलाय."

डेलियाने पाळण्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. मग तिने आपले दोन्ही हात तोंडावर ठेवले, अगदी त्या दिवशीसारखे, पण या वेळी हसली नाही.

बाहुली तिने दिवसभर हातात धरली नाही.

त्याच दिवशी आमची पाळी पुढे होती. कझाया मावशी मागून चालत आल्या आणि माझ्या बरोबरीने चालायला लागल्या. काठीने त्यांनी खाली दाखवलं.

"तुझ्या गाडीची चाकोरी खोल उमटते गं."

"पीठ आहे मावशी."

"पीठ तर रोज खातेस."

त्या पुढे म्हणाल्या, नवऱ्याला पुरल्यापासून मला मान वर करून चालता येत नाही, खाली बघायची सवय लागली, म्हणून दिसलं एवढंच. मग बाळाच्या डोक्यावरची शाल नीट करून त्या आपल्या गाडीकडे परत गेल्या. संध्याकाळी लोणी नेहमीप्रमाणे आलं. कुणाला काही बोलल्या नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तिसऱ्या दिवशी, आणि त्याचंच मला जास्त भय वाटायला लागलं.

बिग सँडी ओढ्यापासून ग्रीन नदीपर्यंत सतरा कोस पाण्याचा थेंब नाही. भांडी, पिंपं, जोडेसुद्धा पाण्याने भरून आम्ही दुपार उतरताना निघालो आणि न थांबता रात्रभर चाललो. उजाडलं तेव्हा चहूकडे राखेसारखी माती आणि करडी झुडपं. सूर्य हातभर वर आला असेल, एवढ्यात टर्कने पुढचे गुडघे टेकले. तसाच थोडा वेळ राहिला, जणू प्रार्थनेला बसलाय. मग कुशीवर पडला, आणि जू त्याच्याबरोबर टायलरची मान खाली ओढत गेलं.

ओबेदने जू सोडलं. टर्कच्या नाकपुड्यांना ओला फडका लावला. जीभ बाहेर आली होती, काळी, वाळूने भरलेली. ओबेद त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसला आणि त्याच्या कानामागे खाजवत राहिला. बैल गेला तरी खाजवतच होता.

नायक आला. ताडपत्रीकडे, चाकांकडे पाहून म्हणाला, जादा बैल कुणाकडेच नाही, गाडी इथेच सोडा. पाठीवर मावेल तेवढं घ्या, मुलांना कुणाच्या तरी गाडीत बसवू. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण गाडी सोडायची म्हणजे पीठ सोडायचं, आणि दोन महिन्यांच्या वाटेवर चार तोंडं दहा गाड्यांच्या पिठावर घालायची. लोक गोळा झाले होते. कुणीच ओबेदकडे सरळ बघत नव्हतं. ज्याने सगळ्यांच्या वस्तू काढल्या, त्याचाच बैल पडला होता.

कझाया मावशी क्लोव्हरला दोरीने धरून घेऊन आल्या.

"हिला जुंपा," त्या म्हणाल्या. "नदीपर्यंत नेईल."

ओबेद म्हणाला, मावशी, दुभती गाय आहे, दूध आटेल हिचं.

"आटेल," मावशी म्हणाल्या.

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणी दार उघडून धरतं आणि आत येतेस का म्हणून थांबतं, तसं पाहिलं. मला कळलं. तेवढ्या वेळात मी सांगावं, म्हणून त्या थांबल्या होत्या. मी बाळाची शाल सोडली आणि पुन्हा बांधली. ती सुटलेली नव्हती.

क्लोव्हरला टायलरशेजारी जुंपलं. जू तिच्या मानेला मोठं होत होतं, मध्ये घोंगडी कोंबली. तिला ओढायचं ठाऊक नव्हतं. जू खांद्यावर पडलं की ती मावशींना शोधत मान वळवायची आणि गाडी तिरपी जायची. मावशी तिच्या तोंडापुढे उलट्या चालायला लागल्या, तिला चुचकारत. वय साठीच्या पुढे, आणि दगडधोंड्यांतून पाठ पुढे करून चालत होत्या, फक्त गायीला आपलं तोंड दिसावं म्हणून.

दोन तास असे गेले. मग वाळूचा एक चढ आला. चाकं रुतली. क्लोव्हरने जोर लावला, तिचे मागचे पाय थरथरायला लागले, भरलेली कास मांड्यांवर आपटत होती. सकाळची धार काढायला कुणाला वेळ झाला नव्हता. जोर लावताना तिच्या सडांतून दूध गळायला लागलं. पांढऱ्या धारा वाळूत पडत होत्या आणि पडताक्षणी नाहीशा होत होत्या. तिने हंबरडा फोडला. त्या आवाजाने माझं बाळ दचकून रडलं, आणि माझाही पान्हा फुटला. पोलक्याच्या पुढच्या बाजूला दोन ओले डाग पसरत गेले. मी तशीच उभी राहिले, गायीसमोर.

"थांबा," मी म्हणाले.

माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. मी बाळाला डेलियाच्या हातात दिलं आणि रुतलेल्या गाडीवर चढले. पोती बाजूला ढकलली. फळी निघेना, नखं तुटली, निघाली. आधी एक झाकण फेकलं. ते वाळूत उभं राहून थोडं घरंगळत गेलं आणि आडवं झालं. मग बाकीची तीन. मग भट्टीचं दार. तोवर ओबेदने बैल थांबवले होते. सगळा तांडा थांबला होता. पाट मला कप्प्यातून वर काढता येईना. मी त्याला मिठी मारून ओढत होते आणि तो जागचा हलत नव्हता. ओबेद वर आला. त्याने एका हाताने पाट उचलला, खाली उतरून वाळूत ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. त्यावर माझ्या चुलीची नक्षी होती, कोपऱ्यांत चार पानं. ती त्याने ओळखली.

"बाबा," डेलिया म्हणाली, "ती तुमची गंमत होती. घर झाल्यावर दाखवायची होती."

त्याने मला एक शब्द विचारला नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, असं बायका म्हणतात तेव्हा मला पूर्वी राग यायचा. त्याने टोपी काढली आणि मागच्या गाडीकडे गेला. तिथे काय बोलला ते वाऱ्यावर मला स्पष्ट ऐकू आलं.

"आमच्या गाडीत लोखंड होतं. मी तुमच्या गाडीत शिरलो होतो, तेव्हापासून होतं. तुम्हाला सांगायला आलोय."

मग पुढच्या गाडीकडे. तेच शब्द. ज्या नवरीचं कपाट काढलं होतं, तिने त्याला काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. ते तिचं बरोबर होतं. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि पुढे जायचा. दहा गाड्या होत्या. दहाही ठिकाणी तो "आमच्या" म्हणाला. तिने ठेवलं, असं एकदा म्हणाला असता तर मी गाडीच्या मागे उभं राहून रडले असते आणि मोकळी झाले असते. तो म्हणाला नाही.

सव्वा मणाने बैल मरतो का? एकट्या सव्वा मणाने नाही मरत. पण तो सव्वा मण कमी असता तर टर्क नदीपर्यंत पोचला नसता, असं छातीठोक कोण सांगेल? मी तर नाही.

चाकं वाळूतून निघाली. मावशींनी वाळूतलं एक झाकण उचललं, पदर गुंडाळावा तसं एप्रनच्या टोकात गुंडाळलं आणि कमरेशी धरून चालायला लागल्या.

मी धावत गेले. "मावशी, ते टाका. नाहीतर माझ्याकडे द्या."

"चाल तू," त्या म्हणाल्या. "गाडीत नाही घातलेलं. माझ्या पायांवर आहे."

नदीपर्यंतचे उरलेले तीन कोस त्या ते झाकण घेऊन चालल्या. कधी या कुशीवर, कधी त्या. मी त्यांच्या मागे दहा पावलांवर होते आणि त्यांच्या पायांचे ठसे बघत होते. ते आता खोल उमटत होते.

ग्रीन नदी दिसली तशी जनावरं पळतच सुटली. ओबेदने क्लोव्हरचं जू सोडलं, तिला काठापर्यंत नेलं, आणि ती पीत असताना तिच्या खांद्यावरचं रक्त हाताने धुतलं. मी पेला घेऊन तिच्याजवळ बसले. खूप वेळ हात चालवले. पेल्याच्या तळाला चार घोट आले, त्यात लालसर तार होती. ते मी डेलियाला दिलं नाही. ती रांगेत उभी राहिल्यासारखी समोर उभी होती. मग न विचारताच गेली.

मावशींनी दोन दगड मांडले आणि त्यांवर ते झाकण ठेवलं. खाली मी गवऱ्या सारल्या. मक्याचं पीठ कालवून त्यांनी थापलं आणि टाकलं. चुलीचं झाकण ते. बीड जाड, आच सगळीकडे सारखी. अशी भाकर आम्ही मिसूरी सोडल्यापासून कुणी खाल्ली नव्हती. पहिली त्यांनी ओबेदला दिली. त्याने ती हातात धरली, बराच वेळ धरली, आणि मधोमध मोडून अर्धी माझ्यापुढे केली. माझ्याकडे न बघता. मी घेतली. ओच्यात धरून ठेवली.

"खा," मावशी म्हणाल्या. "माझी गाय आटली. तू तरी आटू नकोस. लेकीलाही आता तूच पाजायचंस."

मी खाल्ली.

मग त्या मला उठवून स्वतःच्या जागी बसवायला लागल्या. माझे गुडघे दुखतात, म्हणाल्या, यापुढे दोन्ही घरांचं तू कर. त्या मागे सरकल्या, आमच्या गाडीच्या चाकाला पाठ लावून वाळूत बसल्या आणि पाय लांब केले. त्यांच्या तळपायांना भेगा पडल्या होत्या. ओबेद दुसऱ्या बाजूला चाकाच्या तुंब्यात वंगण घालत होता. तो थांबला, गाडी हलू नये म्हणून.

मावशींनी आऱ्यांवर डोकं टेकलं.

"चाक बरं आहे पाठीला," त्या म्हणाल्या. "झुलत नाही, एवढंच."

मी आगीवर वाकले आणि दुसरी भाकर टाकली.